बंबखान्यातलं गाव

सांगलीची मावशी अजूनही चारचौघांत सांगते, "आमची भाची प्रिन्स्टनला असते." वीसहून जास्त वर्षं झाली. पहिल्यांदा मी तिला दुरुस्त करायला गेले होते. "मावशी, प्रिन्स्टन नाही गं, वेस्ट विंडसर." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही इंग्लंडला गेलात की काय?" त्यानंतर मी तो नाद सोडला.

खरं सांगायचं तर चूक तिची नाही. आमच्या घरी पत्रं येतात ती प्रिन्स्टन जंक्शनच्या नावानं. हायवेपलीकडच्या काही घरांच्या पत्त्यावर सरळ प्रिन्स्टनच लिहितात. आम्ही घर बघत होतो तेव्हा एजंटनं "पत्ता प्रिन्स्टनचा मिळेल" हे वाक्य दोनदा उच्चारलं होतं, जणू काही त्या पत्त्यासाठी वेगळी खोली बांधून मिळणार होती. शाळा शेजारच्या प्लेन्सबरोबरोबर सामायिक, त्यामुळे शाळेच्या नावातही आमचा वाटा निम्माच. टाउनशिपच्या कचेरीवर तेवढं 'वेस्ट विंडसर' लिहिलेलं आहे, आणि मालमत्ता कराच्या बिलावर. कर भरताना मात्र गावाचं नाव कोणी विसरत नाही.

या गावात घडलेली सर्वांत प्रसिद्ध घटना कधी घडलीच नाही. ३० ऑक्टोबर १९३८, रविवारची संध्याकाळ. ऑर्सन वेल्सच्या मर्क्युरी थिएटरनं रेडिओवरून मंगळावरच्या प्राण्यांच्या स्वारीचं नाटक केलं, तेही बातम्यांच्या थाटात. एच. जी. वेल्सच्या मूळ कादंबरीत मंगळवासी इंग्लंडमधल्या सरे परगण्यात उतरतात. नाट्यरूपांतर करणाऱ्या हॉवर्ड कॉखनं जागा बदलायची म्हणून न्यू जर्सीचा नकाशा उघडला, डोळे मिटून पेन्सिल टेकवली, आणि ती ग्रोव्हर्स मिलवर पडली. ही आमच्याच टाउनशिपमधली छोटीशी वस्ती, एक तळं आणि एक जुनी गिरणी. नाटकात मंगळवासीयांचं निदान करणारा खगोलशास्त्रज्ञ मात्र प्रिन्स्टनचा. प्राध्यापक त्यांचा आणि राक्षस आमचे, ही वाटणी तेव्हापासूनची.

त्या रात्री घबराटीत गावातल्या कोणी पाण्याच्या टाकीलाच मंगळवासी समजून गोळ्या झाडल्या, असं इथे सांगतात. घबराट किती खरी आणि किती वर्तमानपत्रांनी फुगवलेली यावर अभ्यासक अजून भांडतात. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या हॅडली कँट्रिलनं १९४० मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. आमच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की १९८८ मध्ये पन्नास वर्षं झाली तेव्हा गावानं या न घडलेल्या घटनेचा उत्सव केला आणि व्हॅन नेस्ट पार्कमध्ये तिचं स्मारक उभारलं. एका नाटकाचं स्मारक! कलेनं या गावाला ओळख दिल्याचा हा पहिला दाखला म्हणायला हरकत नाही. फक्त ती कला बाहेरच्यांची होती आणि निवड पेन्सिलीची.

हे सगळं सांगायचं कारण वेस्ट विंडसर आर्ट्स कौन्सिल. ही संस्था २००२ मध्ये निघाली. तिची वाटचाल समजायला आधी हे पत्त्याचं दुखणं समजायला हवं. नाहीतर "उपनगरातल्या काही हौशी लोकांनी चित्रकलेचे वर्ग काढले" एवढ्यावर गोष्ट संपते.

१७९७ मध्ये विंडसरचे दोन तुकडे झाले, पूर्व आणि पश्चिम. पुढे १८१३ आणि १८३८ मध्ये पश्चिमेकडच्या तुकड्याचे लचके तोडून प्रिन्स्टननं नेले. उरलं ते सुमारे २६ चौरस मैलांचं शेतकी गाव. गाव म्हणण्यापेक्षा वाड्या. डच नेक, पेन्स नेक, एडिनबर्ग, पोर्ट मर्सर, ग्रोव्हर्स मिल. प्रत्येकीला आपापला रस्ता आणि एखादं चर्च, पण सगळ्यांना मिळून एक चौक नाही. बटाट्याची शेतं होती. रेल्वे आली तीही प्रिन्स्टनला जाणाऱ्यांची सोय म्हणून. मुख्य मार्गावरून विद्यापीठाकडे नेणारा फाटा १८६५ मध्ये सुरू झाला आणि आमच्या हद्दीत 'प्रिन्स्टन जंक्शन' हे स्टेशन झालं. फाट्यावरची ती इवलीशी गाडी अजून धावते, तिला सगळे 'डिंकी' म्हणतात. तीन मैलसुद्धा जात नाही.

१९७० मध्ये गावात साधारण ६,४०० माणसं होती. १९९० मध्ये १६,०००. २०२० च्या जनगणनेत २९,५१८. शेतं विकली गेली, रूट वनच्या कडेला कार्नेगी सेंटरची कार्यालयं उठली, वसाहतीमागून वसाहती झाल्या. न्यूयॉर्कला तासाभरात नेणारी गाडी हे मुख्य आकर्षण, आणि त्याखालोखाल शाळा. स्टेशनवर गाडी लावायच्या परवान्यासाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी असायची. आम्ही इथे आलो तेव्हा शेजाऱ्यांनी पहिला सल्ला दिला, "सामान नंतर उघडा, आधी पार्किंगच्या यादीत नाव घाला." पहाटे सहाला निघून रात्री आठला परतणाऱ्या माणसांचं हे गाव. अशा गावात ओळख होते ती फलाटावर, आणि तीही चेहऱ्याची. दहा वर्षं एकाच डब्याच्या दारापाशी उभे राहणारे दोघे एकमेकांना नावानं ओळखत नाहीत.

बाहेरून आलेल्यांत आम्ही भारतीय होतो, चिनी आणि तैवानी होते, कोरियन होते. २०१० च्या जनगणनेत आशियाई वंशाचे लोक सुमारे ३८ टक्के भरले. २००१ पासून सोळा वर्षं महापौर होते शिंग-फू श्वे, जन्म तैवानचा. त्यांच्यानंतर २०१८ च्या जानेवारीत हेमंत मराठे महापौर झाले. ही बातमी मात्र मी मावशीला आवर्जून कळवली. "आडनावच मराठे!" ती म्हणाली, "प्रिन्स्टनचे महापौर!"

तर अशा गावात काही रहिवाशांनी २००२ मध्ये कला परिषद काढली. शेजारी प्रिन्स्टनची कला परिषद १९६७ पासून होतीच. मॅककार्टर हे नाट्यगृह १९३० पासून. पलीकडे हॅमिल्टनला जुन्या जत्रेच्या मैदानावर १९९२ मध्ये शिल्पांची बाग उघडली होती. म्हणजे कलेचा दुष्काळ होता असं कोणी म्हणू नये. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवली की हवं ते होतं. प्रश्न तो नव्हताच. गाडी चालवून जिथे जायचं तिथे आपण प्रेक्षक असतो, पाहुणे असतो. आपल्या गावात आपलं काही करायचं तर कुठे करायचं?

पैशांच्या दृष्टीनं मुहूर्त वाईट होता. २००३ च्या सुरुवातीला राज्यपाल मॅक्ग्रीव्ही यांनी राज्याच्या तिजोरीतला खड्डा भरायला कलांचं अनुदानच रद्द करायचा प्रस्ताव मांडला. १९६६ पासून चालत आलेल्या राज्य कला परिषदेचे सुमारे १.८ कोटी डॉलर एकदम शून्यावर. वर्षभराच्या संस्थेला हा तिच्या पाचवीलाच पुजलेला दुष्काळ. कलावंत, संग्रहालयं, इतिहास मंडळं सगळे रस्त्यावर आले, आणि त्यातून एक गमतीदार तोडगा निघाला. हॉटेलात उतरणाऱ्यांवर नवा अधिभार बसवायचा आणि त्यातला ठरावीक वाटा कला, इतिहास आणि पर्यटनाला द्यायचा. कायद्यात पाचरही मारून ठेवली: कलांना किमान १.६ कोटी डॉलर दिले नाहीत तर अधिभार वसूल करण्याचा हक्कच संपतो. पैसे गोळा करायचे असतील तर चित्रकाराला आधी द्या. असा चोख बंदोबस्त आपल्याकडच्या कुठल्याही सांस्कृतिक खात्याच्या स्वप्नातसुद्धा आला नसेल. तेव्हापासून न्यू जर्सीच्या रस्त्याकडेच्या मोटेलात रात्र काढणारा प्रत्येक ट्रकवाला नकळत कुणाच्या तरी जलरंगाला हातभार लावत आला आहे.

राज्याकडून पैसे जिल्ह्याला, जिल्ह्याकडून लहान संस्थांना, अशी ती पाटाच्या पाण्यासारखी व्यवस्था. शेवटच्या शेतापर्यंत पोचेस्तोवर ओल तेवढी उरते. शिवाय बहुतेक अनुदानांत अट असते की काही रक्कम स्वतः उभी करा. म्हणजे वर्गणी आली. वर्गणी म्हटल्यावर मला परकं वाटायचं कारण नव्हतं. सांगलीत आमच्या गल्लीतल्या मंडळाची पावती-पुस्तकं आमच्याच माडीवर असायची. इथे दारोदार जात नाहीत, पत्रं पाठवतात, एखादी संध्याकाळ ठेवतात, तिकीट लावतात, लिलाव करतात. पण दहा माणसं राबणार, चाळीस माणसं सूचना करणार आणि उरलेले गणपती बघायला येणार, हे प्रमाण तिथे आणि इथे अगदी सारखं.

आठ वर्षं संस्थेला स्वतःचं छप्पर नव्हतं. बिऱ्हाड पाठीवर. आज या सभागृहात, उद्या त्या बागेत. मध्ये २००८ ची मंदी येऊन गेली. न्यूयॉर्कच्या वित्तसंस्थांवर पोट असलेल्या गावाला ती कशी लागली असेल ते सांगायला नको. फलाटावरचे काही चेहरे त्या हिवाळ्यात दिसेनासे झाले. अशा काळात इमारतीसाठी पैसे मागायला जाणं म्हणजे सुतकात लग्नाची बोलणी करणं.

पण इमारत होती. प्रिन्स्टन जंक्शनच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचं जुनं ठाणं, अलेक्झांडर रोडवर, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मला आपला जुना शब्दच आवडतो, बंबखाना. दल नव्या जागी गेलं आणि हा बंबखाना रिकामा पडला.

इथल्या स्वयंसेवक अग्निशमन दलाची पद्धत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. बेंजामिन फ्रँकलिननं १७३६ मध्ये फिलाडेल्फियात शेजाऱ्यांचं असं दल काढलं, आणि अमेरिकेतल्या लहान गावांत अजूनही आग विझवणारे पुष्कळदा गावातलेच लोक असतात. पगारी नोकर नव्हेत. एखादा शिक्षक, एखादा सुतार, एखादा दुकानदार. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून धावायचं. त्यामुळे बंबखाना म्हणजे नुसती गाड्यांची जागा नसते. तिथे पत्ते खेळतात, पॅनकेकच्या न्याहारीची वर्गणी होते, बारशा-वाढदिवसांना तो भाड्यानं देतात. चौक नसलेल्या गावाचा चौक कुठे असेल तर तो बंबखान्यात.

त्या वास्तूची डागडुजी करून सप्टेंबर २०१० मध्ये तिथे वेस्ट विंडसर आर्ट्स सेंटर उघडलं. शेजारच्या प्रिन्स्टन परिषदेनं दोनच वर्षं आधी मायकेल ग्रेव्ह्जसारख्या नामांकित वास्तुविशारदाकडून आपली इमारत नव्यानं बांधून घेतली होती, तिला गायक-अभिनेता पॉल रोबसनचं नाव दिलं होतं. रोबसन प्रिन्स्टनचाच, त्यामुळे ते शोभूनही दिसतं. आमच्याकडे ना वास्तुविशारदाचं नाव, ना रोबसन. बंब उभे राहायचे तिथे भिंती पांढऱ्या केल्या आणि दिवे टांगले. मला विचाराल तर हीच अधिक योग्य जागा मिळाली. प्रिन्स्टनकडून उसनं न घेतलेली अशी गावात ती बहुधा एकच गोष्ट होती.

मी स्वतः तिथे गेले ती चित्रांसाठी नव्हे. मुलीला उन्हाळी शिबिरात सोडायला. जुलैत शाळा बंद, दोघांच्या नोकऱ्या चालू, आणि शिबिर घराजवळ. कलेशी माझा पहिला संबंध हा असा पाळणाघराच्या गरजेतून आला, हे कबूल करायला हवं. आणि आम्हा बहुतेक देशी आईबापांचा कलेकडे बघायचा हिशेब तेव्हा दुसराच होता. व्हायोलिन, भरतनाट्यम, बुद्धिबळ, गणिताचा जादा वर्ग, सगळं एकाच वहीत. पुढे कॉलेजच्या अर्जात काय काय लिहिता येईल याची ती वही.

२०१५ मध्ये याच हिशेबावरून गावात वादळ उठलं. शाळा-जिल्ह्याचे अधीक्षक डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. मुलांवरचा ताण हाताबाहेर गेला आहे, आपण थांबलं पाहिजे, असा त्याचा सूर. हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा काढून टाकल्या, प्रगत गणिताचे नियम बदलले. डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सनं त्यावर मोठा लेख छापला आणि आमचं गाव मंगळवासीयांनंतर पहिल्यांदा देशभर गाजलं. बातमीचा रोख असा होता, की पालकांत वांशिक दुफळी पडली आहे. एकीकडे बरेचसे गोरे पालक, म्हणणार की मुलांना श्वास घेऊ द्या. दुसरीकडे आम्ही, म्हणणार की आमच्या मुलांची शिडी काढून घेऊ नका. हे थोडं ढोबळ होतं, पण खोटं नव्हतं. मी दुसऱ्या बाजूला होते. तावातावानं बोललेही होते.

त्या सुधारणांत एक छोटी गोष्ट होती, तिच्याकडे तेव्हा माझं लक्षच गेलं नाही. वाद्य वाजवणाऱ्या कुठल्याही मुलाला, मग ते कितीही कच्चं असो, शाळेच्या संगीत कार्यक्रमात भाग घेता यावा, अशी योजना. तिला नाव दिलं होतं ते मराठीत सांगायचं तर 'किरकिरण्याचा हक्क'. बेसूर वाजवण्याचा हक्क! आमच्या घरात व्हायोलिनची इयत्ता होती, परीक्षा होती, तिचं प्रमाणपत्र फ्रिजवर चिकटवलेलं होतं. किरकिरण्याला जागा नव्हती. मुलीनं नववीत व्हायोलिन पेटीत ठेवलं ते पुन्हा काढलं नाही. तिला आवडत होतं का हे मी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं तर ती हसून विषय बदलते.

बंबखान्यात तो हक्क आधीपासूनच होता, फक्त त्याला नाव नव्हतं. तिथल्या वर्गात इयत्ता नाही. पन्नाशीनंतर मी जलरंगाच्या वर्गाला गेले तेव्हा माझ्या डाव्या हाताला एक निवृत्त इंजिनिअर होते आणि उजव्या हाताला एक चिनी आजी. तिला इंग्रजी फारसं यायचं नाही, पण ब्रश असा धरायची की शिकवणाऱ्या बाईच तिच्याकडे बघत राहायच्या. माझं आभाळ दर वेळी चिखल व्हायचं. कोणी काही बोललं नाही. सहाव्या आठवड्यात आजींनी माझ्या कागदाकडे बघून, पाणी जास्त होतंय अशी खूण केली. त्या सत्रात माझ्यावर झालेली ती एकमेव टीका, आणि अगदी अचूक.

आता जरा मतभेदाचं बोलते. गावोगावी 'विविधतेचा उत्सव' म्हणून जे चालतं त्याचा मला कंटाळा आहे. शाळेत एक संध्याकाळ असते, देशादेशांची टेबलं मांडतात. एकदा मला भारताच्या टेबलावर बसवलं. मी सांगलीची, मेंदीचा कोन हातात धरता येत नाही. पण साडी नेसलेली म्हणजे मेंदी येणारच, असं रांगेतल्या मुलींनी गृहीत धरलं होतं. शेजारी बसलेली तमिळ मैत्रीण समोशांकडे बघून पुटपुटत होती, की हा पदार्थ तिच्या घरी जन्मात कोणी केलेला नाही. भेळ, इडली, भडंग यांतलं काहीच 'भारत' नव्हतं, समोसा होता. समोरच्या टेबलावर चीनच्या झेंड्यामागे बसलेल्या तैवानी बाईंचा चेहरा तर विसरता येत नाही. अशा मेळ्यात माणूस देशाचा शिक्का होतो. त्याला स्वतःची आवड, स्वतःची खोड, स्वतःचं अपयश असतं हे तिथे दाखवताच येत नाही.

आर्ट्स सेंटरची भिंत याला उतारा आहे असं माझं मत आहे, आणि याच एका कारणासाठी मी या संस्थेला मोठी मानते. तिथे प्रदर्शनं लागतात. काहींसाठी बाहेरचा परीक्षक निवड करतो, काही सभासदांची असतात, आणि वर्षअखेरीच्या सणांच्या दिवसांत परवडणाऱ्या किमतीत चित्रं विकायला ठेवतात. प्रत्येक चित्राखाली एक पट्टी: नाव, चित्राचं शीर्षक, माध्यम, किंमत. देश लिहीत नाहीत. एखाद्या वेळी कोरियन नावाखाली न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरचं धुकं असतं आणि आयरिश नावाखाली बनारसचा घाट. कुणाची संस्कृती कुणाची, हे पट्टीवरून लागत नाही. चित्र चांगलं असेल तर लोक थांबतात, नसेल तर पुढे जातात. माणसाला यापेक्षा जास्त मान काय द्यायचा?

ही टीका करताना आमच्या मंडळांना बोल लावायचा नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळांनी केलेलं काम मी खाल्लेल्या अन्नासारखं मानते. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. त्यांच्या मराठी शाळांत आमची मुलगी रविवारी बाराखडी शिकली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या राज्यातल्या मराठी विश्वनं अटलांटिक सिटीला अधिवेशन भरवलं, साथीमुळे लांबलेलं. हजारो माणसं समुद्रकाठच्या त्या जुगारी गावात नऊवारी आणि फेटे घालून फिरत होती, कॅसिनोतल्या पहारेकऱ्यांना काही उमजत नव्हतं, तो देखावा जन्मभर पुरेल. फिलाडेल्फियाकडच्या डॉ. मीना नेरुरकरांनी नव्वदच्या दशकात इथल्या हौशी मुलींना घेऊन 'सुंदरा मनामध्ये भरली' बसवलं आणि ती लावणी थेट महाराष्ट्रात नेऊन दाखवली. हे काही लहान धाडस नव्हे.

पण मंडळात आपण आपल्यांसाठी जमतो. भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या सभागृहात मराठी नाटक होतं, मधल्या वेळेत कॅफेटेरियात बटाटेवडे, "सभागृहात खाद्यपदार्थ नेऊ नयेत" ही सूचना चार वेळा, आणि रात्री अकराला खुर्च्या जागेवर लावून आपण निघून येतो. सोमवारी सकाळी त्या इमारतीत येणाऱ्या मुलाला आदल्या दिवशी तिथे गणपती होता याचा पत्ता नसतो. शेजारच्या रॉबिन्सव्हिलला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अक्षरधाम उघडलं. हजारो स्वयंसेवक राबले, संगमरवरावरची ती कोरीव कामं पाहून डोळे दिपतात. तिथेही शेजारी येतात, पण बघायला येतात. चपला काढून, मान वर करून, थक्क होऊन. बंबखान्यात थक्क होण्यासारखं काही नाही. तिथे शेजारी तुमच्या शेजारी स्टूल ओढून बसतो आणि तुमचंच पाणी सांडतो.

मार्च २०२० मध्ये दारं बंद झाली तेव्हा वाटलं, संपलं. ना-नफा संस्था हातावर पोट असल्यासारख्या चालतात. शिबिरांची, वर्गांची फी बुडाली की पुढचा महिना दिसत नाही. वर्ग पडद्यावर गेले, प्रदर्शनंही पडद्यावर गेली. मी एकदोन पाहिली. चित्रावरून चित्रावर बोट सरकवत जायचं, यात भिंतीसमोर उभं राहण्याचं सुख नाही. शिवाय न आवडलेलं चित्र बाजूला सारणं फार सोपं होऊन बसतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. चित्रकार कदाचित मागेच उभा असतो.

त्यानंतर संस्था जरा बाहेर पडली असं मला वाटतं. शरद ऋतूत नसाऊ पार्कच्या मंडपात त्यांची कलादुपार भरते, एका बाजूला टार्गेटचं दुकान, मध्ये मोकळी जागा आणि गाड्यांचा समुद्र. खरेदीला आलेली माणसं पिशव्या सांभाळत थांबतात, मुलं खडू मागून घेतात. नकाशावर नसलेला चौक असा दोन-चार तासांपुरता मांडायचा आणि संध्याकाळी आवरायचा. शनिवारी सकाळी स्टेशनच्या वाहनतळावर शेतकरी बाजार भरतो, तोही २००४ पासून असाच. रोज पहाटे जिथे आम्ही गाड्या लावून पळतो तिथेच उन्हाळ्यात मक्याची कणसं आणि टोमॅटो. दोन्ही ठिकाणी पाहिलं की लक्षात येतं, पार आणि वड नसलेलं गावही बसायची जागा शोधतंच.

नावातला 'कौन्सिल' हा शब्दही गळाला. आता संस्था नुसतं 'वेस्ट विंडसर आर्ट्स' म्हणवून घेते. बरं झालं. कौन्सिल म्हटलं की ठराव आणि इतिवृत्त आठवतं.

गेल्या खेपेला सभासदांच्या प्रदर्शनाला मी चित्र दिलं. ग्रोव्हर्स मिलचं तळं, कोवळ्या बर्फात. आभाळ या वेळी चिखल झालं नाही, निदान पूर्ण नाही. चौकट करून घेतली, मागे तार बसवली, अर्ज भरला. नाव, शीर्षक, माध्यम, किंमत. किमतीच्या रकान्यापाशी मी पाच मिनिटं बसले. सांगलीची माणसं स्वतःच्या कामाची किंमत सांगायला लाजतात. शेवटी 'विक्रीसाठी नाही' लिहिलं, आणि मग तेही खोडून एक आकडा लिहिला.

उद्घाटनाच्या संध्याकाळी गेले तेव्हा चित्र दाराजवळच्या भिंतीवर होतं, जिथून थंडीचा झोत येतो. बाजूला एका शाळकरी मुलाचा पेन्सिलीनं काढलेला मंगळवासी होता. तीन पायांचा, पाण्याच्या टाकीवर रेललेला, जरासा दमलेला. त्याच्यासमोर गर्दी होती, माझ्यासमोर नव्हती. तो खरोखरच जास्त चांगला होता.

मी फोटो काढून मावशीला पाठवला. तासाभरात उत्तर आलं, तिनं तो कुटुंबाच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, "आमच्या भाचीचं चित्र प्रिन्स्टनच्या प्रदर्शनात."

चित्र विकलं गेलं नाही. मुलाचा मंगळवासी गेला.